पेटीला स्टुडिओबंदी : १९४० ते १९७१ या प्रकरणाचा अभ्यास

शास्त्रीय संगीताच्या मैफलींना नेमाने जाणाऱ्या माणसाला 'काळी एक' किंवा 'पांढरी चार' म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. गायकाचा षड्ज म्हणजे 'सा' कोठे आहे हे सांगण्याची दुसरी सोपी रीत आपल्याकडे आता जवळजवळ उरलेली नाही, आणि गायक ज्या 'पट्टी'त गातो ती पट्टी मुळात पेटीची, म्हणजे हार्मोनियमची, असते, हेही आपण विसरून गेलो आहोत. ज्या वाद्याने आपल्या बोलण्यात इतके घर केले, त्या वाद्याला १ मार्च १९४० पासून १९७१ पर्यंत, म्हणजे एकतीस वर्षे, ऑल इंडिया रेडिओच्या स्टुडिओत प्रवेश नव्हता. मैफलीत, नाटकात, देवळातल्या भजनात आणि घरोघरच्या शिकवणीत पेटी वाजत होती. रेडिओच्या ध्वनिक्षेपकासमोर मात्र ती ठेवता येत नव्हती.

संगीतकारांना कोणते बाहेरचे प्रभाव नसते तर बरे झाले असते, असा प्रश्न निघाला की हार्मोनियमचे नाव हमखास पुढे येते. विलायती पेटीने श्रुती म्हणजे स्वरांमधले सूक्ष्म भेद मारले, मींड म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे मारले, सारंगी मारली, अशी ती तक्रार असते. तक्रारीत तथ्य आहे, आणि ते किती आहे हे पुढे पाहूच. परंतु या प्रकरणात बाहेरचे प्रभाव दोन होते. एक पेटी आणि दुसरा पेटीविषयीचा निवाडा. पहिल्याची चर्चा शंभर वर्षे चालू आहे. दुसऱ्याने कोणाचे काय केले याची चर्चा फारशी होत नाही, म्हणून प्रस्तुत लेखात त्याकडे अधिक लक्ष दिले आहे.

पेटी येथे कशी रुजली

पॅरिसच्या अलेक्सांद्र दबँ याने १८४० च्या दशकाच्या आरंभी हार्मोनियम या नावाने एकस्व घेतले ते वाद्य पायाने भाता मारून वाजवायचे होते. धातूची पातळ जीभ चौकटीत मोकळी कंप पावते आणि सूर निघतो, हे तत्त्व चीनच्या शेंग या वाद्यातून युरोपात पोहोचले होते. मिशनरी आणि गोरे अधिकारी यांच्याबरोबर हे वाद्य हिंदुस्थानात आले. कलकत्त्याचे द्वारकानाथ घोष, ज्यांची द्वारकिन ही पेढी १८७५ साली सुरू झाली, त्यांनी त्याचा आकार मांडी घालून बसणाऱ्या वादकाला सोयीचा केला: भाता मागे गेला, एक हात भात्यावर आणि दुसरा पट्ट्यांवर राहिला. त्यामुळे दोन हातांनी स्वरसंवाद वाजवण्याची युरोपीय रीत आपोआप गळून पडली आणि एका वेळी एकच स्वर वाजवणारे वाद्य तयार झाले. आयात वस्तूचे इतके पूर्ण देशीकरण क्वचितच झाले असेल.

महाराष्ट्रात पेटीला बळ मिळाले ते रंगभूमीमुळे. १८८० साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी संगीत नाटकाचा पाया घातला आणि पुढच्या पन्नास वर्षांत ऑर्गन म्हणजे पायपेटी आणि हातपेटी यांच्याविना नाटक कंपनी उभी राहिनाशी झाली. गंधर्व नाटक मंडळीत ऑर्गनवर हरिभाऊ देशपांडे, सारंगीवर कादरबक्ष आणि तबल्यावर अहमदजान थिरकवा असा ताफा बसत असे. म्हणजे सारंगी आणि पेटी एकमेकींच्या शेजारी, एकाच गायकामागे वाजत होत्या, हे येथे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. कोल्हापूरचे गोविंदराव टेंबे यांनी भास्करबुवा बखले यांच्या गायनाला पेटीची साथ केली, १९११ च्या 'मानापमान'च्या चाली बांधल्या आणि पेटीचे स्वतंत्र वादनही लोकप्रिय केले. अशा माणसाच्या हातातील वाद्याला केवळ उसनी वस्तू म्हणणे कठीण आहे.

गायकांनी पेटी का स्वीकारली याची कारणे अगदी व्यवहारी होती. सारंगीच्या तीन मुख्य तातींखाली पस्तीसच्या आसपास तरफा, म्हणजे आपोआप झंकारणाऱ्या तारा, असतात. त्या जुळवण्यात वेळ जातो आणि हवा बदलली की पुन्हा जुळवाव्या लागतात. पेटी प्रवासात टिकते, लगेच वाजते आणि मोठ्या मंडपात ऐकू जाते. यापेक्षा नाजूक कारण सामाजिक होते. सारंगिये बहुधा कोठ्यांवर साथ करीत आणि शिकवीत आलेले, त्यामुळे विसाव्या शतकाच्या आरंभी गाणे 'सभ्य' घरांत न्यायचे ठरले तेव्हा सारंगीला दाराबाहेर ठेवले गेले आणि पेटी आत आली. गायक विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. तेथे आणि नंतर तशा प्रकारच्या विद्यालयांत एका वर्गात अनेक मुलांना शिकवताना पेटीचा उपयोग उघडच होता. सारंगी मागे पडली त्याचा दोष सरसकट पेटीच्या माथी मारणाऱ्यांनी हे कारण विसरू नये.

आक्षेपाचा गाभा

आता तक्रारीतील तथ्य पाहू. पेटीतील सप्तक बारा सारख्या अंतरांत वाटलेले असते. त्यातील प्रत्येक अर्धस्वराचे शंभर सूक्ष्म भाग कल्पिले तर तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून आपसूक निघणारा गंधार (ग), ज्याला आपण स्वयंभू गंधार म्हणतो, षड्जापासून ३८६ भागांवर येतो आणि पेटीचा गंधार ४०० वर असतो. म्हणजे पेटीचा शुद्ध गंधार चौदा भाग चढा. धैवत सोळा भाग चढा, निषाद बारा भाग चढा, आणि कोमल गंधार उलट सोळा भाग उतरलेला. पंचम मात्र केवळ दोनच भागांनी कमी, म्हणून तो कानाला खटकत नाही. षड्ज २४० कंपनांचा धरला तर तंबोऱ्यातला गंधार ३०० वर आणि पेटीचा ३०२.४ वर येतो, आणि दोन्ही एकत्र वाजले की सेकंदाला दोन-अडीच हेलकावे ऐकू येतात. जवारी, म्हणजे तारेचा गुंजणारा झंकार, चांगली लागलेल्या तंबोऱ्यासमोर बसलेल्या माणसाला हा हेलकावा ऐकू येतो आणि तो सुखाचा नसतो.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. पट्टीवर बोट ठेवले की स्वर लागतो आणि उचलले की जातो. दोन स्वरांमधली वाट पेटीत नाही. दरबारी रागाचा आंदोलित गंधार, भैरव रागाचा हेलकावणारा ऋषभ किंवा तोडी रागाचा खाली ओढलेला गंधार या जागा ठिपक्यांत मावत नाहीत. येथे प्रश्न स्वर चढा की उतरा एवढाच राहत नाही, स्वराला एका जागी खिळवण्याचाच प्रश्न येतो.

हे दोष येथील जाणकारांना ठाऊक नव्हते असे मुळीच नाही. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी अब्दुल करीम खाँ यांच्या मदतीने श्रुतींचा अभ्यास केला आणि मुंबई इलाख्यातील न्यायाधीश ई. क्लेमेंट्स यांच्या साह्याने बावीस श्रुतींची खास पेटी तयार करवून घेतली. १९१६ साली बडोद्याला भरलेल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत ती मांडली गेली. ती गवयांच्या गळ्याशी जुळली नाही आणि प्रयोग फसला. परंतु फसलेला प्रयोगसुद्धा काहीतरी शिकवून जातो. गवई ज्याला 'हा स्वर' म्हणतो तो बावीस ठरीव खुंट्यांपैकी एकावर टांगलेला नसतो, हे त्यातून दिसले. १९६३ साली नझीर जैराझभॉय आणि ए. डब्ल्यू. स्टोन यांनी वादकांचे स्वर यंत्राने मोजले तेव्हाही एकाच स्वराची जागा वादकागणिक, इतकेच काय एकाच वादनातही, बदलत असल्याचे आढळले. तेव्हा 'पेटी बेसूर आणि शास्त्र सुरेल' एवढी सोपी ही लढाई नव्हती.

निवाडा कोणी दिला

पेटीविरुद्ध सर्वांत कडक लिहिणारे आरंभीचे लोक मैफलीतले नव्हते. इंग्रज संगीतलेखक फॉक्स स्ट्रँगवेज यांनी १९१४ साली पेटीवर टीका केली. कला-इतिहासकार आनंद कुमारस्वामींचाही पेटीला विरोध होता. यांचे हिंदुस्थानी संगीतावरील प्रेम खरे होते यात शंका नाही. त्या प्रेमात एक विशिष्ट दृष्टी मिसळलेली होती, हेही तितकेच खरे. पूर्वेचे संगीत पूर्वेसारखेच राहावे, पश्चिमेच्या कारखान्यातली वस्तू त्याला लागू नये, ही ती दृष्टी. जो समाज स्वतःच्या गरजेने एक वाद्य कापून, बदलून आपलेसे करतो आहे, त्याला 'हे तुमचे नव्हे' असे सांगण्याचा अधिकार तिच्यात गृहीत धरलेला होता.

रेडिओत ही दृष्टी जॉन फोल्ड्स या इंग्रज संगीतकाराच्या रूपाने आली. फोल्ड्स १९३५ साली हिंदुस्थानात आले आणि पुढे दिल्ली केंद्रावर पाश्चात्य संगीताचे प्रमुख झाले. १९३८ साली रेडिओच्या 'इंडियन लिसनर' या इंग्रजी नियतकालिकात त्यांनी पेटीवर लेख लिहिला आणि त्याच्या शीर्षकात 'हार्मोनियम' या शब्दाची 'हार्म' म्हणजे अपाय अशी फोड करून कोटी साधली. कोटी चांगली होती. तिच्याइतकीच गमतीची गोष्ट अशी की हेच फोल्ड्स त्या काळात हिंदी वाद्यांचा वृंद जमवून त्यांच्याकडून लिहिलेले संगीत वाजवून घेत होते. पेटीने हिंदी संगीत बिघडते आणि वाद्यवृंदाने बिघडत नाही, हा निष्कर्ष त्यांनी कोणत्या कसोटीवर काढला हे समजणे अवघड आहे. फोल्ड्स एप्रिल १९३९ मध्ये कलकत्त्याला कॉलऱ्याने वारले. बंदी त्यांच्या मृत्यूनंतर, लायनेल फील्डेन या पहिल्या नियंत्रकाच्या कारकिर्दीच्या अखेरीस आली.

शेवटचे वजन पडले ते रवींद्रनाथ ठाकूर यांचे. जानेवारी १९४० मध्ये त्यांनी रेडिओच्या कलकत्ता केंद्राचे अशोक सेन यांना पत्र लिहून, आपल्या आश्रमातून पेटी आपण पूर्णपणे हद्दपार केली आहे आणि रेडिओनेही तसे करावे, असे सुचवले. रवींद्रनाथ स्वतः मोठे संगीतरचनाकार होते, तेव्हा त्यांना 'बाहेरचे' म्हणणे अन्यायाचे होईल. तरीही हे लक्षात घ्यावे लागते की त्यांच्या गीतांची गरज आणि ख्यालगायकाच्या साथीची गरज एक नाही. दीड महिन्याच्या आत बंदी लागू झाली. ज्या वादकांच्या पोटाशी तिचा संबंध होता, त्यांच्यापैकी कोणाचाही आवाज या इतिहासात ठळकपणे ऐकू येत नाही.

येथे या प्रकरणातला सर्वांत विसंगत भाग येतो. पेटी विदेशी आणि म्हणून बाद, असे ठरल्यावर साथीची रिकामी जागा सारंगीने भरली हे योग्यच झाले. पण तिच्याबरोबर ती व्हायोलिननेही भरली. व्हायोलिनही युरोपातूनच आलेले. दक्षिणेत बाळुस्वामी दीक्षितरांच्या काळापासून, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून, ते रुजलेले होते; उत्तरेत गजाननराव जोशी आणि व्ही. जी. जोग यांनी त्याला ख्यालाच्या वळणावर आणले आणि दोघांनीही रेडिओत काम केले. व्हायोलिनला पडदे नसल्यामुळे मींड निघते, म्हणून ते चालते, हे उत्तर संगीताच्या दृष्टीने बिनतोड आहे. पण मग कसोटी मींडेची झाली, मूळ देशाची नव्हे, आणि बंदीच्या बाजूने जी देशी-विदेशीची भाषा वापरली गेली ती निरर्थक ठरते.

पेटीवाल्यांचे काय झाले

१९४० सालच्या पेटीवाल्याची परिस्थिती डोळ्यांपुढे आणल्याशिवाय या निर्णयाचे वजन कळणार नाही. १९३२ साली 'अयोध्येचा राजा' हा मराठी बोलपट आला. त्यात प्रमुख भूमिका करणारे आणि संगीत देणारे गोविंदराव टेंबे हे स्वतःच पेटीवाले होते, हा योगायोग सूचक आहे, कारण बोलपटांनी संगीत नाटक कंपन्यांचा कणा मोडला आणि त्या कंपन्यांतच पेटीवाल्यांची कायमची नोकरी होती. कंपनी बुडालेल्या वादकाला नवा आश्रयदाता म्हणून दिसत होता तो रेडिओ. संस्थानांचा आश्रय आटत चालला होता आणि रेडिओ महिन्याच्या महिन्याला पगार देऊन साथीदार ठेवीत होता. तबलजी, सारंगिये, व्हायोलिनवादक आणि तंबोरावाले या नोकरीत शिरले. पेटीवाल्याला हे दार बंद होते. पंचविशीतला तरुण वादक १९७१ साली छप्पन्न वर्षांचा झालेला असणार. म्हणजे त्याचे कमावते आयुष्य सगळे या मधल्या काळात गेले. टेंबे १९५५ साली वारले तेव्हा बंदीला पंधरा वर्षे झाली होती आणि पुढे सोळा वर्षे उरली होती.

दुसरे नुकसान प्रतिष्ठेचे होते आणि ते मोजता येत नाही. त्या काळात रेडिओची श्रेणी म्हणजे कलावंताची पत. कार्यक्रमाच्या पत्रिकेवर 'रेडिओ कलाकार' असे छापलेले असे आणि त्यावरून बिदागी ठरे. पेटीवादकाला अशी श्रेणीच नव्हती. शनिवारी केंद्रावर सारंगी घेऊन गाणारा गवई रविवारी मैफलीत पेटी घेऊन बसत होता. दोन्हीकडे गाणे तेच, ऐकणारेही बऱ्याच अंशी तेच, पण एकीकडे साथीदाराचे नाव उद्घोषक सांगे आणि दुसरीकडचा साथीदार राज्याच्या दफ्तरी अस्तित्वात नव्हता. तबल्याच्या एकलवादनाला लेहरा, म्हणजे तालाचे आवर्तन दाखवणारी फिरती सुरावट, धरण्यासाठी पेटीइतके सोयीचे वाद्य नाही. स्टुडिओत तेही काम सारंगीकडे गेले. खुद्द पु. ल. देशपांडे, ज्यांच्या पेटीच्या साथीची महाराष्ट्रात ख्याती होती, त्यांनी १९५० च्या दशकात आकाशवाणीत नोकरी केली, म्हणजे ज्या इमारतीत त्यांचे टेबल होते त्या इमारतीत त्यांचे वाद्य निषिद्ध होते. त्यांच्यासारख्या विनोदकाराला याहून वेगळी सामग्री कशाला हवी होती!

स्वातंत्र्यानंतर ही बंदी सहज उठेल असे वाटण्यासारखे होते. नवे सरकार जुन्या साहेबांचे नियम बदलतच होते. तसे झाले नाही. नेहरूंना पेटीविषयी प्रेम नव्हते, आणि १९५२ ते १९६२ या काळात माहिती व नभोवाणी खाते सांभाळणारे बा. वि. केसकर, जे स्वतः मराठी आणि शास्त्रीय संगीताचे कट्टर अभिमानी होते, त्यांचे धोरण शुद्धीकरणाचेच होते. केसकरांनी चित्रपटगीतांनाही रेडिओवर आळा घातला. या दोन बंद्यांची तुलना केली की बरेच काही उलगडते. चित्रपटगीते बंद होताच श्रोत्यांनी काटा फिरवून रेडिओ सिलोन लावला आणि पाच वर्षांत, ३ ऑक्टोबर १९५७ रोजी, विविधभारती सुरू करून सरकारला माघार घ्यावी लागली. पेटीसाठी मात्र कोणी काटा फिरवला नाही. साथीदाराच्या वाद्यासाठी श्रोता केंद्र बदलत नसतो, आणि साथीदारांच्या हाती तेवढी शक्ती नव्हती. म्हणून एक बंदी पाच वर्षे टिकली आणि दुसरी एकतीस.

बंदीचा लाभ कोणालाच झाला नाही असे म्हटले तर ते खोटे ठरेल. सारंगियांच्या एका पिढीला रेडिओने पोसले. बुंदू खाँ दिल्ली केंद्रावर होते. राम नारायण यांनी १९४४ साली लाहोर केंद्रावर नोकरी धरली आणि तेथून दिल्लीमार्गे मुंबईत येऊन त्यांनी सारंगीला स्वतंत्र वाद्याचे स्थान मिळवून दिले. त्या काळातील रेडिओच्या ध्वनिमुद्रणांत सारंगीची जी साथ ऐकायला मिळते ती ऐकून पेटीचा कट्टर पुरस्कर्तासुद्धा क्षणभर गप्प होईल. मी स्वतः पेटीच्या बाजूचा माणूस आहे आणि तरीही हे कबूल करतो. पण हे काम सारंगीला आश्रय देऊन करता आले असते. त्यासाठी पेटीवाल्याला बाहेर काढावे लागत नव्हते. गंधर्व मंडळीच्या रंगमंचासमोर दोन्ही वाद्ये एकत्र बसतच होती.

घाव चुकीच्या जागी

या प्रकरणाचे मर्म माझ्या मते येथे आहे. पेटीचा खरा अपाय शिकवणीत होतो, साथीत नव्हे.

साथीची पेटी गायकाच्या मागून येते. गोविंदराव पटवर्धन, आप्पा जळगावकर, पुरुषोत्तम वालावलकर किंवा बेळगावचे रामभाऊ विजापुरे यांच्यासारखा वादक दरबारीच्या गंधारावर बोट रोवून बसत नाही. गायक त्या गंधारावर झुलत असताना तो ऋषभावर थांबतो, षड्जाचा आधार देतो, भाता हलका करतो किंवा सरळ हात उचलतो आणि तंबोऱ्याला बोलू देतो. गायक श्वास घ्यायला थांबला की त्याच्या शेवटच्या ओळीची सावली तेवढी धरून ठेवतो. कोठे वाजवायचे नाही हे कळणे हाच या कलेचा अर्धा भाग आहे. वाद्याचे दोष वादकाला माहीत असतात आणि तो ते चुकवत पुढे जातो, आणि गायकाचा सूर पेटी ठरवत नाही, तंबोरा ठरवतो.

शिकवणीत याच्या नेमके उलटे घडते. सात वर्षांचे मूल पहिला गंधार ऐकते तो पट्टीतून. तंबोरा महाग, जुळवायला कठीण, म्हणून तो कपाटावर. पेटी मात्र समोर. बाई किंवा गुरुजी पट्टी दाबतात, मूल तो सूर लावते, आणि चौदा भाग चढा गंधार त्याच्या कानात वर्षानुवर्षे मुरतो. त्याहून वाईट म्हणजे स्वर हा एक ठिपका असतो अशी त्याची समजूत होते आणि पुढे गुरूकडे गेल्यावर मींड शिकताना ती मोडायला पुन्हा वर्षे लागतात. ज्यांनी अशा वर्गांत बसून 'सा रे ग म' घोकले आहे त्यांना यावर पुरावा नको.

आता बंदी कोठे पडली ते पाहा. ती पडली स्टुडिओत, म्हणजे जेथे देशातले सर्वांत जाणते साथीदार तयार गवयांमागे वाजवणार होते आणि जेथे पेटीचा अपाय कमीत कमी होता. घरांत, शाळांत आणि गायनवर्गांत तिला कोणी हात लावला नाही, लावणे रेडिओला शक्यही नव्हते. परिणामी उत्तम पेटी ऐकून कान तयार होण्याची संधी खेड्यापाड्यांतल्या श्रोत्याला मिळाली नाही आणि सुमार पेटी मात्र गल्लोगल्ली वाजत राहिली. बंदीच्या एकतीस वर्षांत पेट्यांची विक्री थांबली नाही, गाण्याच्या वर्गांत तंबोरे वाढले नाहीत, आणि बंदी संपली तेव्हा मैफलीतली मुख्य साथ पेटीचीच होती. जे टाळायचे म्हणून निर्णय घेतला ते टळले नाही; ज्यांच्यापासून काही धोका नव्हता त्यांची मात्र उमेदीची वर्षे गेली.

आणखी एक गोष्ट घडली नाही, तिचीही नोंद हवी. देवल आणि क्लेमेंट्स यांची श्रुतिपेटी फसली होती, पण प्रयत्नाची दिशा चूक नव्हती. देशातील सर्वांत मोठ्या संगीतसंस्थेने 'पेटी नको' असे म्हणण्याऐवजी 'पेटी अशी हवी' असे म्हटले असते, तंबोऱ्याशी जुळवलेल्या पेटीचाच स्टुडिओत आग्रह धरला असता, तर कारागिरांना तसे काम करण्याचे कारण मिळाले असते. बंदीने सुधारणेचे कारणच काढून घेतले, कारण निषिद्ध वस्तू सुधारण्यासाठी कोणी पैसे देत नाही.

बंदी सुटली, पण अर्धीच

१९७० साली हार्मोनियमच्या प्रश्नावर परिसंवाद झाला. त्यात संगीतज्ञ आणि वादक यांनी दोन्ही बाजू मांडल्या आणि १९७१ मध्ये आकाशवाणीने बंधने सैल केली. सवलत सरसकट नव्हती: आधी वरच्या श्रेणीच्या गायकांनाच पेटीची साथ घेता आली. पेटीच्या एकलवादनाला तर यानंतरही कित्येक वर्षे दार उघडले नाही. म्हणजे टेंब्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जे रंगमंचावर सिद्ध केले होते, ते शतकाच्या उत्तरार्धातही सरकारी कागदावर संशयास्पद होते. मनोहर चिमोटे यांनी एकलवादनासाठी घडवलेल्या आपल्या वाद्याला 'संवादिनी' हे नाव दिले. नाव सुंदर आहे, पण इतक्या वर्षांनीही पेटीला संस्कृत नावाचा परवाना लागावा, याची थोडी खंतही वाटते.

वाद अजून शमलेला नाही. २०२२ साली अकाल तख्त या शीखांच्या सर्वोच्च धर्मपीठाने अमृतसरच्या हरमंदिर साहिबातील कीर्तनातून पेटी टप्प्याटप्प्याने काढून तिच्या जागी तंतुवाद्ये आणावीत अशी सूचना केली आणि त्यासाठी तीन वर्षांची मुदत ठेवली. तो निर्णय योग्य की अयोग्य हे त्या परंपरेतील लोकांनी ठरवावे. येथे एवढाच फरक नोंदवतो की तेथे निर्णय आतून आला आणि रागींना, म्हणजे कीर्तन गाणाऱ्यांना, रबाब-सारंदा ही तंतुवाद्ये शिकायला अवधी मिळाला. १९४० साली पेटीवाल्याला दीड महिनासुद्धा मिळाला नव्हता.

दरम्यान सुधारणा शेवटी वादक आणि कारागीर यांनीच, कोणाच्या हुकुमावाचून, सुरू केली. डॉ. विद्याधर ओक यांनी एकाच पेटीत बावीस श्रुती मिळवून देणारी रचना केली. तिच्याहून साधा आणि अधिक पसरलेला उपाय म्हणजे 'गांधार ट्यूनिंग'. कारागीर पितळेची जीभ टोकाकडे किंचित खरवडतो तेव्हा स्वर चढतो, मुळाकडे खरवडतो तेव्हा उतरतो, आणि अशा रीतीने गंधार, धैवत, निषाद तंबोऱ्यावर आणून बसवतो. अशी पेटी काळी एकमध्ये लावली तर काळी एकच्या गवयामागे ती लख्ख बोलते, हेलकावा जातो. पण पांढरी पाचला गाणारी गायिका दुसऱ्या दिवशी आली की तीच पेटी साध्या पेटीहूनही बेसूर वाटते, आणि पट्ट्यांची चौकट सरकवून स्वर बदलणाऱ्या पेटीतही हा दोष जात नाही, कारण चौकट सरकली तरी खालच्या जिभा जागच्या हलत नाहीत. म्हणून या पद्धतीने वाजवणारे साथीदार आज दोन-दोन पेट्या बाळगतात, एक पुरुषांच्या पट्टीची आणि एक बायकांच्या, आणि कार्यक्रम ठरवणाऱ्याला फोनवर पहिला प्रश्न विचारतात तो बिदागीचा नसतो. गाणार कोण आणि कोणत्या पट्टीत, हे त्यांना आधी कळायला हवे असते.